बालगंधर्व धाकटे, की सवाई?

पुण्यात ‘बालगंधर्वला प्रयोग आहे’ म्हटलं की जंगली महाराज रस्त्यावरचं रंगमंदिर आठवतं आणि ‘सवाईला चाललोय’ म्हटलं की डिसेंबरची थंडी, अंगावरची शाल आणि शास्त्रीय गाणं. या नावांमागची दोन माणसं मात्र अनेकांच्या डोक्यात एकमेकांत मिसळलेली असतात. ‘सवाई म्हणजे बालगंधर्वांचेच शिष्य ना?’ असं चांगले कानसेनही विचारतात.

शिष्य तर नव्हतेच, उलट सवाई वयाने दोन वर्षांनी मोठे. रामचंद्र उर्फ रामभाऊ कुंदगोळकर यांचा जन्म 1886चा, तर नारायण श्रीपाद राजहंसांचा 1888चा. नारायणाला ‘बालगंधर्व’ हे नाव लहानपणीच मिळालं. ते लोकमान्य टिळकांनी दिलं, असं सांगतात. पुढे रामभाऊ स्त्रीभूमिका गाजवू लागले, तेव्हा अमरावतीला दादासाहेब खापर्डे यांनी त्यांना ‘सवाई गंधर्व’ म्हटल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. सवाई म्हणजे सव्वापट. तुलना नावातच आहे, मग गोंधळ कसा होणार नाही?

दोघांनीही स्त्रीभूमिका केल्या, दोघांच्याही नावाला गंधर्व लागलं, पण वाटा निराळ्या. बालगंधर्व अंतर्बाह्य नाटकाचे. 1905 साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि 1913 साली गोविंदराव टेंबे, गणेशराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. गाणं ते भास्करबुवा बखल्यांकडे शिकले. ‘स्वयंवर’च्या पदांना चालीही बुवांच्याच. त्या नाटकातली त्यांची रुक्मिणी आणि ‘एकच प्याला’तली सिंधू पाहायला लोक पुन्हा पुन्हा यायचे. रंगमंचावर ते खरे भरजरी शालू नेसत. त्यांची नेसण्याची ढब घराघरांतल्या बायका उचलत, आणि मंडळीवर मात्र कर्ज चढत जाई. साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा. इतका थाट कुठल्या मंडळीला परवडतो? तरी मला त्या उधळपट्टीचा राग येत नाही, कारण त्यांची कला तिच्यापासून वेगळी काढताच येत नाही.

रामभाऊ मुळात ख्यालगायक, म्हणजे शास्त्रीय गाण्याचे. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. त्यांनी ‘सौभद्र’मधली सुभद्रा गाजवली खरी, पण आज त्यांचं नाव घेतलं जातं ते शिष्यांमुळे: भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर, बसवराज राजगुरू. गंगूबाई हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला शिकायला यायच्या. 1952 साली रामभाऊ गेले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या स्मरणार्थ पुण्यात महोत्सव सुरू झाला. त्यामागे भीमसेनच होते.

बालगंधर्व 1967 साली गेले. त्यांच्या नावाच्या रंगमंदिराची कोनशिला त्यांच्याच हस्ते बसली होती, पण 1968 सालचं उद्घाटन पाहायला ते नव्हते.

राहता राहिले छोटा गंधर्व आणि कुमार गंधर्व. पहिले सौदागर गोरे, हे रंगभूमीचेच. दुसरे शिवपुत्र कोमकली, देवासला राहणारे ख्यालगायक. त्यांनाही या दोघांत मिसळू नका.