जॉन मॅकेन : आरोग्यखर्चाविषयीची भूमिका आणि सिनेटमधील मतदान

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्याचे सिनेटर जॉन सिडनी मॅकेन (२९ ऑगस्ट १९३६ – २५ ऑगस्ट २०१८) यांनी आरोग्यसेवेवरील सरकारी खर्चाबाबत तीन दशके घेतलेल्या भूमिका आणि त्या त्या वेळी सभागृहात केलेले मतदान. रिपब्लिकन पक्षाचे मॅकेन १९८३ ते १९८७ या काळात प्रतिनिधिगृहात आणि १९८७ पासून मृत्यूपर्यंत सिनेटमध्ये होते. २००८ मध्ये ते पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार होते. २८ जुलै २०१७ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, त्यांनी अंगठा खाली करून दिलेल्या मतामुळे ओबामाकेअर हा आरोग्यविमा कायदा टिकला आणि ते एका रात्रीत त्या कायद्याचे तारणहार ठरले. त्यांची मतांची नोंद सलग वाचली तर हे चित्र अपुरे असल्याचे दिसते. मॅकेन या कायद्याचे समर्थक कधीच नव्हते.

अशी सलग नोंद वाचता येते, कारण सिनेटमध्ये महत्त्वाच्या बहुतेक प्रश्नांवर नाव पुकारून मतदान होते आणि कोणत्या सदस्याने काय मत दिले ते लगेच जाहीर होते. भारतातील वाचकाला याची सवय नसते. आपल्याकडे संसदेत आणि विधानसभेत आरोग्य खात्याच्या अनुदानाच्या मागण्या बहुधा आवाजी मतदानाने मंजूर होतात. मतविभाजन झालेच, तर पक्षादेश मोडणाऱ्याचे सदस्यत्व १९८५ च्या पक्षांतरबंदी तरतुदीमुळे धोक्यात येते. त्यामुळे आपल्या आमदाराची किंवा खासदाराची आरोग्यखर्चाबाबतची भूमिका तारांकित प्रश्न, कपात सूचना आणि चर्चेतील भाषणे यांवरून जुळवावी लागते. अमेरिकेत पक्षाविरुद्ध मत दिले म्हणून सदस्यत्व जात नाही. त्याचा हिशेब पुढच्या निवडणुकीत मतदार करतात.

आरोग्यखर्चाच्या प्रश्नात मॅकेन ठळकपणे पुढे आले ते १९८९ मध्ये. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या मेडिकेअर या सरकारी विम्यात दीर्घ आणि खर्चिक आजारांचे संरक्षण वाढवणारा कायदा १९८८ मध्ये झाला होता. त्याचा खर्च मात्र ज्येष्ठांनीच उचलायचा होता, आणि ज्यांचे उत्पन्न बरे होते त्यांच्यावर माणशी वर्षाला ८०० डॉलरपर्यंतचा अधिभार बसत होता. निवृत्त लोकांनी देशभर संताप व्यक्त केला, आणि ॲरिझोना तर निवृत्तांच्या वसाहतींचे राज्य. अधिभार काढून टाकावा आणि काही लाभ तेवढे ठेवावेत, हा मॅकेन यांचा प्रस्ताव सिनेटने ९९ विरुद्ध ० मतांनी मान्य केला. प्रतिनिधिगृह पूर्ण रद्दबातलीवर अडून बसले आणि त्या वर्षाअखेर बहुतेक सगळा कायदाच गेला. मंजूर झालेला आरोग्य कायदा मागे घेता येतो, हे मॅकेन यांनी ओबामाकेअरच्या वीस वर्षे आधी जवळून पाहिले होते.

पुढच्या दशकात त्यांची वाट काही काळ पक्षापासून दूर गेली. १९९८ मध्ये त्यांनी तंबाखू नियंत्रणाचे मोठे विधेयक आणले. सिगारेटच्या पाकिटामागे पाच वर्षांत १ डॉलर १० सेंटची वाढ करायची आणि त्यातून येणारा पैसा मुख्यतः आरोग्याकडे वळवायचा, असा त्याचा आराखडा होता. समितीतून ते १९ विरुद्ध १ मतांनी बाहेर पडले. पण सभागृहात चर्चा संपवण्यासाठी लागणारी ६० मते मिळाली नाहीत, ५७ वर गाडी थांबली आणि विधेयक बारगळले. २००१ मध्ये डेमोक्रॅट सिनेटर एडवर्ड केनेडी आणि जॉन एडवर्ड्स यांच्यासह त्यांनी विमा कंपन्यांविरुद्ध रुग्णांना हक्क देणारे विधेयक मांडले. सिनेटने ते ५९ विरुद्ध ३६ मतांनी संमत केले, पण त्याचा कायदा झाला नाही.

या दोन विधेयकांवरून त्यांना उदारमतवादी ठरवणे घाईचे होईल. २००३ मध्ये मेडिकेअरमध्ये औषधांच्या खर्चाची भर घालणारे विधेयक त्यांच्याच पक्षाचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांना हवे होते. मॅकेन यांनी विरोधात मत दिले, कारण दहा वर्षांत सुमारे ४०० अब्ज डॉलर लागतील असा अंदाज असलेल्या या योजनेसाठी पैशाची तजवीज केलेली नव्हती. जानेवारी २००९ मध्ये गरीब कुटुंबांतील मुलांच्या विमा योजनेचा विस्तार सिनेटपुढे आला. त्याचा खर्च तंबाखूवरील कर वाढवून भागवायचा होता, म्हणजे ज्या मार्गासाठी १९९८ मध्ये त्यांनी पक्षाचा रोष ओढवून घेतला तोच मार्ग होता. तरीही मॅकेन विरोधात गेले. माझ्या मते त्यांच्या मतनोंदीतील ही सर्वांत मोठी विसंगती आहे, आणि २०१७ च्या झगमगाटात तिच्याकडे पाहायला कोणाला वेळ मिळाला नाही.

२००८ च्या प्रचारात त्यांची योजना अशी होती : मालकामार्फत मिळणाऱ्या विम्यावरची आयकर सवलत काढायची आणि त्याऐवजी व्यक्तीला २,५०० डॉलर, कुटुंबाला ५,००० डॉलर करपरतावा द्यायचा, म्हणजे ज्याने त्याने बाजारातून विमा विकत घ्यावा. निवडणूक बराक ओबामा जिंकले. डिसेंबर २००९ मध्ये ओबामांचे विधेयक सिनेटमध्ये आले, तेव्हा मेडिकेअरमधील कपात वगळण्यासाठी ते समितीकडे परत पाठवावे असा ठराव मॅकेन यांनी मांडला. तो ४२ विरुद्ध ५८ मतांनी पडला. २४ डिसेंबरला विधेयक ६० विरुद्ध ३९ मतांनी संमत झाले आणि त्या ३९ जणांत मॅकेन होते. डिसेंबर २०१५ मध्ये हा कायदा मोडीत काढणारे विधेयक सिनेटने ५२ विरुद्ध ४७ मतांनी संमत केले, तेव्हाही मॅकेन यांचे मत रद्द करण्याच्या बाजूने पडले. ओबामा नकाराधिकार वापरणार हे सर्वांना ठाऊक होते, आणि जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी तो वापरला.

२०१७ मध्ये व्हाइट हाउसमध्ये डोनाल्ड ट्रम्प होते, त्यामुळे मत खरोखर लागू होणार होते. इथे ॲरिझोनाची स्थिती लक्षात घ्यावी लागते. गरिबांसाठीची मेडिकेड योजना स्वीकारणारे ते देशातील शेवटचे राज्य. १९८२ मध्ये ते तीत सामील झाले. पण ओबामाकेअरखाली मेडिकेडचा विस्तार करायची वेळ आली तेव्हा रिपब्लिकन गव्हर्नर जॅन ब्रूअर यांनी २०१३ मध्ये स्वपक्षाच्या आमदारांशी झगडून तो मंजूर करून घेतला. विस्तारात आलेल्या लोकांचा खर्च आधी शंभर टक्के आणि २०२० पासून नव्वद टक्के केंद्र सरकार उचलणार होते. हा केंद्राचा हिस्सा आटला असता, तर राज्याच्या तिजोरीवर आणि लाखो लोकांच्या उपचारांवर थेट आघात झाला असता. मॅकेन म्हणूनच वारंवार गव्हर्नर डग ड्यूसी यांचे मत विचारात घेत होते.

सिनेटमधील रिपब्लिकन नेते मिच मकॉनेल यांनी अंदाजपत्रकाशी जोडलेली रिकन्सिलिएशन नावाची पद्धत वापरली. तीत चर्चा संपवण्यासाठी ६० मते लागत नाहीत, साधे बहुमत पुरते. पक्षाचे संख्याबळ ५२ होते. समसमान मते पडल्यास उपाध्यक्ष माइक पेन्स यांचे निर्णायक मत हाताशी होते. म्हणजे दोन जण फुटले तरी चालणार होते, तीन नाही. समित्यांपुढे सुनावणी झाली नाही, तज्ज्ञांना बोलावले नाही, मसुदा बंद दाराआड तयार झाला. काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाने जूनमधील मसुद्याबद्दल सांगितले, की त्याने २०२६ पर्यंत विमाधारकांची संख्या २ कोटी २० लाखांनी घटेल.

१४ जुलैला मॅकेन यांच्या डाव्या डोळ्यावरच्या भागात शस्त्रक्रिया झाली आणि काही दिवसांत मेंदूचा कर्करोग झाल्याचे जाहीर झाले. २५ जुलैला ते सभागृहात परतले, चर्चा सुरू करण्याच्या बाजूने मत दिले आणि पेन्स यांच्या मतासह ठराव ५१ विरुद्ध ५० ने संमत झाला. त्यानंतरच्या भाषणात त्यांनी सहकाऱ्यांना समित्या, सुनावण्या आणि दोन्ही पक्षांच्या दुरुस्त्या या जुन्या रीतीकडे वळण्याची विनंती केली आणि आत्ताच्या स्वरूपात या विधेयकाला मत देणार नाही असे सांगितले. पण त्याच रात्री मकॉनेल यांच्या मोठ्या पर्यायी मसुद्याला त्यांनी होकाराचे मत दिले; तो ४३ विरुद्ध ५७ ने पडला. दुसऱ्या दिवशी पर्याय न देता नुसता कायदा रद्द करण्याच्या प्रस्तावाला त्यांनी नकार दिला. सभागृहाच्या रीतीबद्दलची त्यांची कळकळ मला अस्सल वाटते. पण त्या दोन दिवसांतली त्यांची मते एका सरळ रेषेत बसत नाहीत, हे नोंदवायलाच हवे.

शेवटी उरला तो आठ पानांचा छोटा मसुदा. विमा न घेणाऱ्यावरचा दंड काढणे, मोठ्या मालकांवरची कामगारांना विमा देण्याची सक्ती काही वर्षे थांबवणे आणि आणखी मोजक्या तरतुदी एवढेच त्यात होते. तो २७ जुलैच्या रात्री, मतदानाच्या काही तास आधी सदस्यांच्या हाती पडला. त्याने दीड कोटीहून अधिक लोक विम्याबाहेर जातील आणि हप्ते सुमारे २० टक्के वाढतील असा अंदाज होता. खुद्द रिपब्लिकन सदस्यांनाही तो कायदा म्हणून नको होता. प्रतिनिधिगृहाशी वाटाघाटीला बसण्यापुरते निमित्त म्हणून हवा होता. प्रतिनिधिगृह तो जसाच्या तसा संमत करून मोकळे झाले तर काय, ही मॅकेन यांची शंका त्या गृहाचे अध्यक्ष पॉल रायन यांच्या आश्वासनानेही फिटली नाही.

पेन्स यांनी सभागृहातच बराच वेळ त्यांची मनधरणी केली. मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास मॅकेन कारकुनाच्या टेबलासमोर आले, मकॉनेल काही पावलांवर हाताची घडी घालून उभे होते. मॅकेन यांनी उजवा हात पुढे धरला आणि ‘नो’ म्हणत अंगठा खाली केला. व्हिएतनाममध्ये विमान पडताना दोन्ही हात मोडले होते आणि पुढे साडेपाच वर्षांच्या कैदेत छळ झाला, त्यामुळे त्यांचे हात खांद्याच्या फार वर जात नसत. अंगठ्याने मत कळवणे सिनेटमध्ये रोजचेच आहे, त्यात नाटक काही नाही. पण त्या क्षणी सभागृहात श्वास रोखल्याचा आवाज ऐकू आला. टाळ्या वाजवू पाहणाऱ्या डेमोक्रॅटांना त्यांचे नेते चक शूमर यांनी हाताने थांबवले. विधेयक ४९ विरुद्ध ५१ ने पडले.

मॅकेन यांच्याआधी सुझन कॉलिन्स आणि लिसा मर्कोव्स्की या दोन रिपब्लिकन सिनेटरांनी नकार नोंदवलेला होता, आणि त्या तर चर्चा सुरू करण्याच्या ठरावापासूनच विरोधात उभ्या होत्या. त्या दोघी नसत्या तर तिसऱ्या मताला काही अर्थ उरला नसता. श्रेय वाटताना त्यांची नावे मागे पडली, हा अन्याय आहे.

सप्टेंबरमध्ये मॅकेन यांचे जिवलग मित्र लिंडसे ग्रॅहम आणि बिल कॅसिडी यांनी मेडिकेडच्या विस्ताराचा पैसा राज्यांना ठोक रकमेत वाटून देणारे विधेयक आणले. २२ सप्टेंबरला मॅकेन यांनी त्यालाही विरोध जाहीर केला. विस्तृत सुनावणी, चर्चा आणि दुरुस्त्यांतून ते आले असते तर विचार केला असता, असे त्यांनी सांगितले. मैत्री आड आली नाही. विधेयक मतदानाला आलेच नाही.

माजी सैनिकांच्या उपचारांचा प्रश्न आला की मॅकेन पैशाबाबत हात आखडता घेत नसत. २०१४ मध्ये फीनिक्सच्या माजी सैनिक रुग्णालयात प्रतीक्षा यादीतील घोळ उघड झाला, तेव्हा समाजवादी विचारांचे बर्नी सँडर्स यांच्याशी बोलून त्यांनी तोडगा काढला : तपासणीसाठी फार दिवस थांबावे लागणाऱ्या किंवा केंद्रापासून दूर राहणाऱ्या सैनिकांना सरकारी खर्चाने खासगी डॉक्टरांकडे जाता यावे. त्यासाठी १० अब्ज डॉलर आणि सरकारी रुग्णालयांत डॉक्टर-परिचारिका भरण्यासाठी ५ अब्ज डॉलर ठेवण्यात आले. जून २०१८ मध्ये या व्यवस्थेला पक्के रूप देणाऱ्या कायद्याला इतर दोघा माजी सैनिक लोकप्रतिनिधींबरोबर मॅकेन यांचे नाव देण्यात आले.

डिसेंबर २०१७ चे मत क्वचितच आठवले जाते. २ डिसेंबरच्या पहाटे सिनेटने करकपातीचे विधेयक ५१ विरुद्ध ४९ ने संमत केले. मॅकेन यांनी बाजूने मत दिले. २० डिसेंबरच्या अंतिम मतदानाला ते आजारपणामुळे हजर नव्हते. जुलैतल्या मसुद्याचा जो गाभा होता, म्हणजे विमा न घेणाऱ्यावरचा दंड संपवणे, तो याच कायद्यात आला आणि २०१९ पासून दंड शून्यावर गेला. दंड नाही तर सारा कायदाच घटनाबाह्य, असा दावा घेऊन टेक्सास आणि काही राज्ये न्यायालयात गेली. १७ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावेदारांना तो मांडण्याचा अधिकारच नाही असे ७ विरुद्ध २ मतांनी ठरवले आणि ओबामाकेअर पुढे चालू राहिले.