कानदुखीवरचे पाले आणि तेले : पार्श्वभूमी

कान ठणकू लागला की लसणीची पाकळी घालून कढवलेले तेल कोमट करून कानात सोडण्याचा प्रघात जुना आहे; मात्र ‘आजीबाईचा उपाय’ म्हणून आज सांगितले जाणारे सगळेच तितके प्राचीन नाही. सुश्रुतसंहिता या प्राचीन आयुर्वेद ग्रंथाच्या ‘उत्तरतंत्र’ या भागात 28 कर्णरोग मोजले आहेत आणि कर्णशूलासाठी, म्हणजे कानदुखीसाठी, लसूण, आले, शेवगा, मुळा व केळ यांचा कोमट रस कानात भरण्यास सांगितले आहे. रुईच्या कोवळ्या अंकुरांचा रसही तिथलाच. झेंडूच्या पाल्याचा रस त्यात असणे मात्र शक्य नाही, कारण झेंडू मूळचा अमेरिका खंडातला.

खरा गुंता ‘कान फुटणे’ या शब्दाचा आहे. पू वाहू लागलेल्या कोणत्याही कानाला मराठीत ‘फुटला’ असे म्हणतात, मग तो पू कानाच्या नळीतल्या पुळीचा असो, की पडद्याला भोक पडून मध्यकर्णातून, म्हणजे पडद्यामागच्या पोकळीतून, येणारा असो. पडदा शाबूत असेल तर वरून घातलेले तेल त्याच्या अलीकडेच राहते, म्हणजे पलीकडच्या संसर्गापर्यंत पोहोचतच नाही, फार तर उबेने ठणका कमी होतो. पडद्याला छिद्र असेल तर तेच तेल मध्यकर्णात उतरते. एकाच शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या दोन अवस्थांत उपायाचा परिणाम असा उलटा होतो. त्यात वनस्पतींच्या नावांची भर पडली. फुग्यासारखी फळे येणाऱ्या कपाळफोडीच्या वेलाला ‘कानफुटी’ म्हणतात आणि तिच्या पानांचा रस कानात पिळतात. पण कागदी, दुमडलेल्या, पानांसारख्या छदांआड फुले दडवणाऱ्या एका वेगळ्याच झुडपालाही हेच नाव आहे.

संहितेत कर्णशूल आणि कर्णस्राव (कान वाहणे) हे वेगळे रोग आहेत, याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. स्रावासाठी पुसणे, धुणे, धुरी देणे आणि पूरण (कानात द्रव भरणे) असे उपाय दिले असून ते ‘वीक्ष्य वीक्ष्य’, म्हणजे वेळोवेळी पाहून करावेत, अशी अट आहे. तेलाचे समर्थक या यादीतले पूरण तेवढे उचलतात आणि विरोधक संपूर्ण परंपरेलाच तेलकट ठरवतात. अट दोघेही गाळतात.

अलीकडच्या काळात 2001 आणि 2003 मध्ये इस्रायलमधील मुलांवर झालेल्या दोन चाचण्या वारंवार पुढे केल्या जातात. पहिलीत 103 आणि दुसरीत 171 मुले होती, आणि ऑलिव्ह तेलातील लसूण व इतर वनस्पतींच्या थेंबांची तुलना ठणका बधिर करणाऱ्या थेंबांशी केली होती. वेदना दोन्हीकडे कमी झाल्या. परंतु निव्वळ तेल दिलेला गट त्यांत नव्हता आणि मध्यकर्णाच्या तीव्र संसर्गातला ठणका बहुतेकदा दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरतो, त्यामुळे श्रेय वनस्पतीचे की काळाचे हे त्यांवरून ठरत नाही. शिवाय या चाचण्या पडदा शाबूत असलेल्या कानांच्या होत्या, वाहणाऱ्या कानांच्या नव्हेत.

भारतात 2007 च्या सुमारास सुरू झालेल्या बहिरेपणा-नियंत्रण कार्यक्रमाने कानात तेल किंवा अन्य कोणताही द्रव घालू नये, असा सरसकट संदेश दिला. वाहणाऱ्या कानासाठी आरोग्य कर्मचाऱ्यांना स्वच्छ सुती कापडाची किंवा कापसाची वात करून कान कोरडा करण्यास शिकवले जाते, आणि हे संहितेतल्या पुसण्याहून फारसे वेगळे नाही. आयुर्वेदाच्या अध्यापनातही पडद्याला छिद्र असल्यास कर्णपूरण निषिद्ध मानले जाते. घरी पाला पिळणाऱ्याला मात्र तो पडदा दिसत नाही.