डिजिटल माध्यमांचे अभ्यासक आणि केअर यादी : पार्श्वभूमी

इंटरनेट संस्कृतीवर मराठीत लिहिणाऱ्या प्राध्यापकांचे लेखन बढतीत का मोजले जात नाही आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) मान्य नियतकालिकांच्या ‘केअर’ यादीचा त्याच्याशी काय संबंध, याची ही पार्श्वभूमी. देशात इंटरनेट सर्वसामान्यांना १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. फाँटचे घोळ, युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची सामायिक संगणकीय संकेतपद्धती), मराठी संकेतस्थळे हा पुढचा प्रवास वाचकांना ठाऊकच आहे. पुण्यापुरते बोलायचे तर इंटरनेटच्या अभ्यासाचे गांभीर्य ऑर्कुट या समाजमाध्यमावरच्या २००७ च्या प्रकरणाने दाखवून दिले. शिवछत्रपतींची बदनामी करणारा मजकूर टाकल्याच्या आरोपावरून पोलिसांनी बंगळूरच्या एका आयटी कर्मचाऱ्याला पकडून आणले. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने आयपी पत्त्याची (इंटरनेट जोडणीच्या ओळख क्रमांकाची) माहितीच चुकीची दिली होती. निर्दोष माणसाने ५० दिवस येरवड्याच्या तुरुंगात काढले.

आयपी पत्ता कसा शोधतात, चूक कुठे होऊ शकते, हे मराठीत समजावून सांगणाऱ्या अभ्यासकाची तेव्हा खरी गरज होती. आजही आहे. मात्र असे लेखन प्राध्यापकाच्या बढतीत फारसे मोजले जात नाही.

याचे मूळ यूजीसीच्या २०१० च्या नियमावलीत आहे. बढतीसाठी एपीआयचे (शैक्षणिक कामगिरी मोजणाऱ्या निर्देशांकाचे) गुण आले, गुणांसाठी शोधनिबंध आले. नियतकालिकाला मिळणारा आयएसएसएन क्रमांक ही निव्वळ नोंद, पण तोच दर्जाचा दाखला मानला जाऊ लागला आणि पैसे घेऊन काहीही छापणारी बोगस जर्नल्स फोफावली. २०१७ मध्ये यूजीसीची मान्य नियतकालिकांची यादी निघाली. मे २०१८ मध्ये तिच्यातली ४,३०५ नावे वगळावी लागली. २०१९ मध्ये तिच्या जागी केअर यादी आली. तिचा कक्ष पुण्यातच, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होता. छाननी कडक होती, ती हवीच होती. भारतीय भाषांतल्या नियतकालिकांनाही यादीत जागा मिळाली.

तरीही इंटरनेट संस्कृतीवर लिहिणाऱ्यांची अडचण सुटली नाही. व्हॉट्सअॅपवरच्या अफवेवर त्याच आठवड्यात लिहावे लागते. पीअर रिव्ह्यू (त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडून तपासणी) होऊन अंक हाती येईपर्यंत विषय शिळा होतो, कधी मंचच उरत नाही; ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाले. म्हणून वाचकांसाठी मराठी लेख वर्तमानपत्रात किंवा दिवाळी अंकात, आणि कॅसच्या (प्राध्यापकांच्या बढतीच्या योजनेच्या) फाइलीला लावायला वेगळा इंग्रजी निबंध, अशी दुहेरी मेहनत चालते. यात मराठी लेख मागे पडतो, हे मोठे नुकसान आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादी बंद झाली. दर्जा पारखण्याची जबाबदारी आता शिक्षणसंस्थांवर आहे. त्यासाठी सुचवलेले निकषही नियतकालिकांपुरतेच आहेत.