रिपोर्टातली फाटलेली गादी

आईच्या एमआरआय रिपोर्टातली एकच ओळ आम्हाला कळली: गुडघ्यातली गादी फाटली आहे. आई तेव्हा ६३ वर्षांची. "दुर्बिणीतून करू, दोन-तीन टाके, लगेच घरी," असं सांगण्यात आलं आणि तारीखही मिळाली. फाटलंय तर ते नीट करून घ्यायला हवं, यात शंका कसली? घरात लग्न होतं म्हणून ती तारीख दोन-तीन महिने पुढे ढकलली, एवढंच. तोवर दुखणं आवरावं म्हणून आई फिजिओथेरपीला जाऊ लागली आणि मी वाचायला बसलो.

मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चकत्या असतात. त्यांनाच आपण गादी म्हणतो. वय वाढतं तशा त्या विरतात, जुन्या सतरंजीच्या कडेसारख्या. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांचे गुडघे एमआरआयने तपासले गेले. त्याचे निष्कर्ष २००८ साली आले. ज्यांची गादी फाटलेली निघाली, त्यांतल्या ६१ टक्के लोकांचा गुडघा आदल्या महिन्याभरात दुखलाच नव्हता! म्हणजे गादी फाटलेली दिसली, तरी दुखणं तिच्यामुळेच आहे असं ठरत नाही.

ह्यूस्टनचे सर्जन ब्रूस मोझली यांनी तर २००२ साली ऑपरेशनचीच परीक्षा घेतली. गुडघ्याची झीज झालेले १८० रुग्ण, त्यांचे तीन गट. एका गटाचा गुडघा दुर्बिणीतून साफ केला, दुसऱ्याचा नुसता धुतला. तिसऱ्या गटाच्या त्वचेवर फक्त तीन छोटे छेद घेतले. पण डॉक्टर नेहमीसारखी हत्यारं मागत होते, पाय हलवत होते, गुडघा धुतल्याचा आवाज यावा म्हणून सलाइनचं पाणीही उडवत होते. असं होऊ शकतं याची रुग्णांना आधी कल्पना होती, पण आपण कोणत्या गटात आहोत हे ठाऊक नव्हतं. दोन वर्षं पाठपुरावा केला. खऱ्या ऑपरेशनवाल्यांचं दुखणं लुटुपुटीच्या ऑपरेशनवाल्यांपेक्षा कमी झालेलं नव्हतं. २०१३ साली फिनलंडमध्ये झीज नसलेल्या, फक्त गादी फाटलेल्या १४६ रुग्णांवर असाच प्रयोग झाला. निकाल तोच.

मग फिजिओथेरपीने नेमकं होतं काय?

गुडघा दुखायला लागला की मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूचा जोर आपोआप कमी करते. स्नायू वाळतो, पायरी उतरतानाचा धक्का त्याला पेलवत नाही, तो सांध्यावर येतो. मग आणखी दुखतं, माणूस आणखी कमी चालतो. व्यायामाने हे चक्र उलटं फिरतं. दुसरं असं, की हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थरात, म्हणजे कूर्चेत, रक्तवाहिन्या नसतात. दाब पडला की तिच्यातलं द्रव स्पंजसारखं बाहेर येतं, दाब सुटला की परत शोषलं जातं, आणि त्यातूनच तिचं पोषण होतं. म्हणून "ग्रीस संपलंय, आता चालू नका" हा आपल्याकडचा लाडका सल्ला मला फार घातक वाटतो.

वेदनाशामक गोळ्या चार दिवस ठीक. महिनोन्‌महिने घेतल्या तर जठर आणि मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो. स्टेरॉइडच्या इंजेक्शनचीही फिजिओथेरपीशी थेट तुलना झाली आहे, २०२० साली, झिजेच्या १५६ रुग्णांमध्ये. वर्षाअखेर फिजिओथेरपीवाल्यांचं दुखणं कमी होतं आणि हालचाल चांगली होती.

पण फिजिओथेरपी म्हणजे शेक आणि करंट, असं समजून दहा दिवस मशीनखाली पडून राहण्यात अर्थ नाही. आईचा मुख्य व्यायाम होता स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरून उठण्याचा. हात छातीशी, टाचा जमिनीवर, उठायचं, आणि बसताना मनात तीन आकडे मोजत सावकाश टेकायचं. पहिल्या दिवशी चार वेळा जमलं, तेही ओट्याला हात धरून. बाराव्या आठवड्यात दहाचे तीन फेरे, हात न लावता. करताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गुडघा पूर्ववत हवा, एवढा एक नियम तिला दिला होता.

सगळ्यांचं यावर भागत नाही. अमेरिकेत गादी फाटलेल्या आणि झीजही असलेल्या ३५१ जणांच्या अभ्यासात एका गटाला ऑपरेशन आणि फिजिओथेरपी दिली, दुसऱ्याला नुसती फिजिओथेरपी. सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच निघाले, पण फिजिओथेरपी गटातल्या ३० टक्के लोकांनी तोवर ऑपरेशन करून घेतलं होतं. गुडघा अडकून सरळच होत नसेल, तरुण वयात खेळताना मोठी दुखापत झाली असेल, किंवा तापासोबत सांधा लाल होऊन सुजला असेल, तर व्यायाम करत बसू नये, आधी डॉक्टर गाठावा. झीज फार पुढे गेली असेल तर सांधेबदलाने व्यायामापेक्षा जास्त आराम पडतो, हेही चाचण्यांत दिसलं आहे.

लग्न पार पडलं. नवी तारीखही येऊन गेली, आम्ही दवाखान्यात फोन करून नको म्हणून कळवलं. आई अजून मांडी घालून फार वेळ बसू शकत नाही, पूजेला चौरंग घेते. दोन मजले मात्र कठड्याला हात न लावता उतरते, दुधाची पिशवी आणायला, रोज सकाळी.