रात्री उघडं असलेलं एकच दार

फिट्झरॉय क्रॉसिंग हे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागातलं छोटं गाव. आसपास बुनुबा, गूनियांडी, वालमाजरी अशा भाषा बोलणाऱ्या ॲबोरिजिनल (मूळनिवासी) लोकांच्या वस्त्या विखुरलेल्या आहेत. ब्रूम हे शहर 400 किलोमीटरवर, तर मुलांचं मोठं रुग्णालय थेट पर्थला, रस्त्याने सुमारे 2,500 किलोमीटरवर. मुंबईहून श्रीनगर याहून जवळ आहे. जानेवारी 2023च्या पुरात महामार्गावरचा पूलच मोडला आणि नदीपलीकडच्या वस्त्या तुटल्या.

अशा ठिकाणी रात्री मूल आजारी पडलं, तर आपत्कालीन विभागाशिवाय दुसरं दार नसतं. त्यामुळे तिथे वाहता कान येतो, ओला खोकला येतो, पायावरचे पिकलेले फोड येतात. ‘एवढ्याशासाठी इमर्जन्सी?’ हा प्रश्न शहरात बसून विचारणं सोपं आहे. आम्हाला तो चुकीचाच वाटतो, कारण हे आजार दिसतात तितके किरकोळ नाहीत.

फोडाचंच घ्या. आधी खरूज होते, मूल खाजवतं, कातडी फुटते आणि तिथे स्ट्रेप्टोकॉकस हा जंतू शिरतो. याच जंतूमुळे काही मुलांच्या मूत्रपिंडांना सूज येते: सकाळी डोळे सुजलेले, लघवी चहाच्या रंगाची, रक्तदाब वाढलेला. म्हणून फोड घेऊन आलेल्या मुलाचाही रक्तदाब मोजायचा, लहान मापाचा पट्टा शोधावा लागला तरी. घशातला, आणि बहुधा कातडीवरचाही, हाच जंतू रुमॅटिक तापाला कारण होतो आणि त्यातून हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. पू, खपली आणि गरमपणा पाहावा लागतो. उपचार साधा आहे: बेंझाथीन पेनिसिलिनचं एक इंजेक्शन, किंवा कोट्रायमॉक्साझोल दिवसातून दोनदा, तीन दिवस. गोळ्या-औषधाचा हा छोटा कोर्स इंजेक्शनइतकाच चालतो, हे ऑस्ट्रेलियाच्याच नॉर्दर्न टेरिटरी या भागातल्या चाचणीने 2014 मध्ये दाखवलं.

पण मुळाशी खरूज असेल, तर एकट्या मुलाला मलम देऊन उपयोग नाही. पाच टक्के परमेथ्रिनचं मलम रात्रभर अंगावर ठेवायचं आणि आठवड्याने पुन्हा लावायचं, तेही घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री. 30 ग्रॅमची ट्यूब एका मोठ्या माणसाला पुरते. घरात दहा-बारा माणसं असतील तर एक ट्यूब देऊन पाठवणं म्हणजे पुढच्या फेरीची तयारीच. शिवाय घरात नळ, मोरी आणि कपडे धुण्याचं यंत्र चालू हवं. ते दुरुस्त ठेवणं आईच्या हातात नसतं, घरं सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या हातात असतं.

सगळ्यात महागात पडते ती दुखऱ्या गुडघ्याबाबतची चूक. ‘खेळताना लागलं असेल’ म्हणून आयब्युप्रोफेन दिलं की सांधेदुखी थांबते आणि दुखणं एका सांध्यातून दुसऱ्यात सरकणं ही रुमॅटिक तापाची खूणच पुसली जाते. रुमॅटिक तापाची शंका असेल तर निदान होईपर्यंत पॅरासिटामॉलवर भागवावं. विचारतानाही सांभाळून विचारावं: ‘दुखत नाही ना?’ या प्रश्नाला शिष्टाचार म्हणून ‘हो’ येतं आणि त्याचा अर्थ होकार असतोच असं नाही. उघडा प्रश्न विचारावा, मग गप्प बसून वाट पाहावी. सोबत आजी आली असेल तर तिच्याशीही बोलावं. मुलाचं खाणंपिणं, दुखणंखुपणं तिलाच जास्त ठाऊक असतं.

रुमॅटिक ताप पक्का ठरला की बेंझाथीन पेनिसिलिनचं इंजेक्शन दर 28 दिवसांनी घ्यावं लागतं. हृदयाला इजा नसली तरी किमान पाच वर्षं, किंवा वयाची 21 पूर्ण होईपर्यंत, यातलं जे उशिरा असेल तोवर. म्हणजे कमीत कमी साठ-पासष्ट सुया. पहिली सुई घाईत टोचली तर मूल दुसरीला येत नाही. आपल्याकडे पावडरच्या कुपीत पाणी घालून हे औषध तयार करतात, तिथे 2.3 मिलिलिटरची भरलेली सिरिंज फ्रिजमधून निघते, 20 किलो आणि त्याहून जास्त वजनाच्या मुलासाठी पूर्ण, त्याखाली अर्धी. औषध दाट असतं. ते आधी तळहातात धरून कोमट करायचं, टोचायच्या जागी दहा सेकंद अंगठा दाबून धरायचा आणि मग दोन-तीन मिनिटं घेऊन हळूहळू सोडायचं.