नोंदवहीतला गुन्हेगार

इटलीतले डॉक्टर चेझारे लोम्ब्रोझो यांना व्हिलेला नावाच्या कैद्याच्या कवटीत, मागच्या बाजूला आतून, एक छोटा खळगा दिसला. माणसात क्वचित, पण काही प्राण्यांत हमखास आढळणारा. तेवढ्यावर त्यांनी सिद्धांत उभा केला: अट्टल गुन्हेगार जन्मतोच तसा, तो उत्क्रांतीत मागे राहिलेला माणूस. 1876 मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि जबडा, कपाळ, कान पाहून गुन्हेगार ओळखता येतो, हे भल्याभल्यांना पटलं.

इंग्लंडमधले तुरुंगाचे डॉक्टर चार्ल्स गोरिंग यांनी मग सुमारे 3000 कैद्यांची मापं घेतली आणि ती विद्यापीठातले विद्यार्थी, सैनिक अशा बाहेरच्या लोकांशी ताडून पाहिली. 1913 मध्ये निष्कर्ष आला. कैदी सरासरीने थोडे बुटके आणि वजनाने कमी, बाकी ‘गुन्हेगारी चेहरा’ म्हणून काही सापडलं नाही. (आनुवंशिकतेचा नाद मात्र गोरिंगनाही सुटला नाही, त्यांनी बोट कमी बुद्धीकडे वळवलं.)

भारतात कवटी मोजायची गरजच पडली नाही. लोम्ब्रोझोंच्या पुस्तकाच्या पाच वर्षं आधी, 1871 मध्ये, ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोर होणार, असा त्यामागचा हिशेब. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की त्या जाहीरनाम्याला कोर्टात आव्हान देता येत नसे. माणसाचं नाव पोलिसांच्या नोंदवहीत चढे, ठरल्या वेळी हजेरी लागे, हद्दीबाहेर जायचं तर पास लागे. पुढे हा कायदा देशभर पसरला. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. शहराच्या त्या भागाला लोक अजूनही सेटलमेंटच म्हणतात.

संशोधकाच्या नजरेने पाहिलं तर खरी मेख पुढे आहे. हजेरी चुकवणं किंवा पास नसताना सापडणं हाच या कायद्याखाली गुन्हा होता. आजारी मावशीला भेटायला शेजारच्या गावी गेलेला माणूस पकडला गेला, तर त्याने कुणाचं काहीही चोरलेलं नसताना त्याच्या जमातीच्या नावावर एक गुन्हा वाढे. वर्षाअखेरीस तेच आकडे ‘बघा, आम्ही म्हणत होतो ना’ म्हणून दाखवायला मोकळे. जाळं जिथे टाकाल तिथलेच मासे हाती लागणार. म्हणून गुन्ह्यांचा अभ्यास करणारे आज केवळ पोलिसांच्या नोंदींवर विसंबत नाहीत. घरोघरी जाऊन ‘तुमच्याकडे चोरी झाली का, तक्रार केलीत का’ हे विचारतात आणि नाव गुप्त ठेवून तरुणांना त्यांनी स्वतः काय काय केलं तेही विचारतात. असं विचारलं की सुखवस्तू घरांतली पोरंही बरंच काही कबूल करतात. नोंदवहीत ती फारशी नसतात.

रक्ताच्या सिद्धांताला शिकागोतूनही मोठा धक्का बसला. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मके या समाजशास्त्रज्ञांनी कोर्टात आलेल्या मुलांचे पत्ते नकाशावर मांडले. कारखान्यांलगतच्या पडक्या वस्त्यांत स्थलांतरितांचा एक समूह जाऊन दुसरा येत होता, तरी गुन्ह्यांचं प्रमाण तिथे चढंच राहिलं. तेच लोक बऱ्या वस्तीत गेले की त्यांच्या मुलांचं प्रमाण उतरे. रक्त तेच असताना आकडा बदलत होता. अर्थात हेही आकडे कोर्टाच्या दप्तरातलेच होते, हे विसरून चालणार नाही.

31 ऑगस्ट 1952 रोजी गुन्हेगार जमाती कायदा संपला. तो दिवस या जमाती विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांसाठीचे कायदे आले. कागदावर ते व्यक्तीला लागू, जमातीला नव्हे. प्रत्यक्षात चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालांवर जातात, ही तक्रार जुनीच आहे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांमधले जातीवर आधारलेले नियम घटनाबाह्य ठरवले, विमुक्त जमातींतल्या लोकांना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांना बजावलं आणि तुरुंगातल्या कैद्यांच्या नोंदवह्यांमधला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं.