झूम करणं वेगळं, जवळ जाणं वेगळं

फोटो काढताना वस्तू फ्रेममध्ये लहान वाटली की आपण दोनपैकी एक करतो. स्क्रीनवर दोन बोटं ताणून झूम करतो, नाहीतर फोन घेऊन पुढे सरकतो. दोन्हींनी वस्तू मोठी दिसते, त्यामुळे दोन्ही एकच, असा समज सर्रास असतो. पण झूम केल्याने फक्त चौकट बदलते. जवळ गेल्याने वस्तूचा आकार, तिचं मागच्या गोष्टींशी असलेलं नातं, सगळंच बदलतं. रोजच्या वापरातल्या वस्तूंचे फोटो बेढब किंवा गिचमिड येतात, ते बहुतेक वेळा या दोन्हींत गल्लत झाल्यामुळे.

टेबलावरचा साधा कप घ्या. त्याचा कान तुमच्याकडे वळलेला आहे आणि कॅमेरा कानापासून २० सेंटीमीटरवर आहे. कपाची पलीकडची बाजू समजा ३० सेंटीमीटरवर. जितकं अंतर जास्त तितकी गोष्ट लहान दिसते, म्हणजे पुढचा भाग मागच्या भागाच्या दीडपट मोठा भासणार. कान फुगलेला दिसतो आणि कप मागे निमुळता होत गेल्यासारखा वाटतो. अगदी जवळून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं दिसतं, ते याच कारणाने. आता मागे येऊन कानापासून मीटरभर अंतरावर उभे राहा आणि झूम करून कप तेवढाच मोठा करा. अंतरं झाली १०० आणि ११० सेंटीमीटर, फरक उरला जेमतेम दहा टक्क्यांचा. कप पुन्हा कपासारखा दिसतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. कप सुधारला तो मागे आल्यामुळे, झूममुळे नव्हे. लांबून काढलेल्या फोटोचा मधला तुकडा कापून मोठा केला, तरी कपाचा आकार अगदी तसाच येईल. ‘झूम लेन्स दृश्य चपटं करते’ असं म्हणतात, पण ते काम अंतराचं असतं.

पार्श्वभूमीत हा फरक आणखी ठळक होतो, आणि माझ्या मते वस्तूंच्या फोटोत खरी मेख इथेच आहे. त्याच कपाच्या दोन मीटर मागे पुस्तकांचं कपाट आहे असं धरा. दोन्ही फोटोंत कप सारख्याच आकाराचा ठेवला, तर मीटरभर अंतरावरून काढलेल्या फोटोत कपाट साडेतीन पटींहून मोठं दिसतं. म्हणजेच कपाटाचा खूप छोटा भाग फ्रेममध्ये येतो. शेजारचा चार्जर, लटकणारी वायर, अर्धवट दिसणारी खुर्ची, हे सगळं आपोआप बाहेर जातं. मागचा पसारा आवरायला वेळ नसेल, तर मागे येऊन झूम करणं हा फार चांगला उपाय आहे.

मग जवळ कधी जायचं? वस्तूला वजन, रुबाब द्यायचा असेल तेव्हा. विल्यम एगलस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराने १९७० च्या सुमारास मेम्फिसमध्ये टिपलेली लहान मुलाची तीनचाकी सायकल पाहा. कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकलेला, सायकल पुढ्यात. मागची घरं तिच्यापुढे लहानशी वाटतात आणि मागे उभी असलेली मोटार सायकलखालून दिसते. लांब उभं राहून झूम केलं असतं तर घरं मोठी झाली असती आणि ती भव्यता गेली असती.

एगलस्टनचा कॅमेरा खाली होता, हेही तितकंच महत्त्वाचं. उभ्या उभ्या टेबलाजवळ गेलात तर कॅमेरा नकळत वस्तूच्या डोक्यावर येतो आणि किटलीचं झाकणच तेवढं दिसतं. जवळ जाताना गुडघे वाकवा. झूम करताना हा प्रश्न येत नाही, कारण कोन जसाच्या तसा राहतो.

जवळ जाण्याचा आणखी एक तोटा म्हणजे फोनची आणि हाताची सावली. खिडकी तुमच्या पाठीशी असेल तर तुम्हीच वस्तूचा प्रकाश अडवता. उजेड बाजूने येईल असं उभं राहा. धातूच्या चमच्यावरचे ओरखडे किंवा लाकडाच्या रेषाही बाजूच्या उजेडातच उठून दिसतात.

झूमची किंमत वेगळी आहे. फोनमध्ये वेगळी टेलिफोटो लेन्स (लांबचं मोठं दाखवणारी) नसेल, तर झूम म्हणजे मधला भाग कापून ताणणं. दुप्पट झूममध्ये चौथाई पिक्सेल उरतात, १२ मेगापिक्सेलचे ३. मूळ सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, ४८ मेगापिक्सेलचा असेल तर मधल्या भागातही १२ उरतात, त्यामुळे दुप्पट झूम बिनधास्त वापरावा. त्यापुढे मात्र बारकावे पुसट, रंग फासल्यासारखे होऊ लागतात.

आधी कुठे उभं राहायचं ते ठरवा. किती दिसू द्यायचं ते त्यानंतर, झूमने. बरेच जण हे उलट क्रमाने करतात.

आणि फोनची एक खोड लक्षात ठेवा: फार जवळ गेलात की काही फोन मॅक्रोसाठी, म्हणजे अगदी जवळून फोटो काढण्यासाठी, आपणहून अल्ट्रावाइड (फार रुंद दृश्य टिपणाऱ्या) लेन्सवर जातात. स्क्रीनवरचं चित्र किंचित उडी मारल्यासारखं हलतं, तीच खूण. चष्मा, कात्री, चावी अशा लहान वस्तूंत हे हमखास होतं आणि जवळचं टोक अवाढव्य दिसू लागतं. अशा वेळी सेटिंगमध्ये मॅक्रो बंद करा, फोकस बसेल इतकं मागे या आणि उरलेलं अंतर दुप्पट झूमने भरून काढा.